मुक्तीच्या जाहीरनाम्याची कुळकथा

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांच्या सहीने निघाला. त्याचे मूळ मात्र व्हाइट हाउसमध्ये नाही, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट मन्रो या किल्ल्यात आहे. यादवी युद्ध सुरू होऊन सव्वा महिना झाला होता. मे १८६१ मधल्या एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून या किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला जुंपले होते. लगोलग मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला, कारण पळालेला गुलाम मालकाच्या हवाली करावा असा १८५० चा कायदा होता.

किल्ल्यावरचे सेनाधिकारी बेंजामिन बटलर मूळचे वकील. व्हर्जिनिया स्वतःला वेगळा देश म्हणवते, मग अमेरिकेच्या कायद्याचा आधार तिला कसा मिळेल, असा त्यांचा सवाल होता. गुलाम ही मालमत्ताच असेल, तर शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता म्हणून ती जप्त, असे सांगून त्यांनी तिघांना ठेवून घेतले. ही बातमी पसरताच बायकामुलांसह शेकडो जण किल्ल्याकडे येऊ लागले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न वॉशिंग्टनला टाळता येईना. काँग्रेसने ऑगस्ट १८६१ मध्ये जप्तीचा पहिला कायदा केला. जुलै १८६२ मधल्या दुसऱ्या कायद्याने बंडखोर मालकांच्या तावडीतून सुटून आलेले गुलाम मुक्त ठरवले.

लिंकन मात्र बेताने पावले टाकत होते. मिझुरीत जॉन फ्रीमाँट आणि दक्षिण किनाऱ्यावर डेव्हिड हंटर या सेनापतींनी परस्पर काढलेले मुक्तीचे हुकूम त्यांनी रद्द केले. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी या राज्यांत गुलामगिरी होती, तरी ती संघराज्यात राहिली होती. ती बिथरली तर युद्धच हातचे जाईल, ही त्यांना धास्ती होती.

२२ जुलै १८६२ रोजी त्यांनी पहिला मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. सैन्य मार खात असताना असा जाहीरनामा काढला तर तो हतबलतेचा आक्रोश वाटेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, असे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी सुचवले. मसुदा बाजूला ठेवला गेला. त्यानंतर महिन्याभराने, २२ ऑगस्टला, संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी म्हटले की, आपले मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. गुलामगिरी राखणे किंवा मोडणे हे नाही. गुलामांविषयी ते उदासीन होते, याचा पुरावा म्हणून हे पत्र वारंवार पुढे केले जाते. पण ते लिहिताना मुक्तीचा मसुदा तयार होता. हे दोन कागद शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

१७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईनंतर दक्षिणेचे सैन्य माघारी फिरले आणि २२ तारखेला प्राथमिक जाहीरनामा निघाला: शंभर दिवसांत बंड थांबवा, नाहीतर बंडखोर प्रदेशातले गुलाम मुक्त होतील. हे हस्तलिखित पाहण्यासारखे आहे. काँग्रेसच्या कायद्यांतली कलमे लिंकन यांनी हाताने उतरवून घेतली नाहीत; छापील प्रतीतून ती कापून कागदावर डकवली. जप्तीच्या दुसऱ्या कायद्याची कलमे त्या कात्रणांत आजही वाचता येतात.

अंतिम मसुद्यात फार मोठे बदल झाले. मुक्त झालेल्यांना परदेशी वसवण्याची कल्पना गळाली आणि त्यांना सैन्यात घेण्याचे कलम आले. शेवटी ईश्वरी कृपेची याचना करणारे वाक्य अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या सूचनेवरून घातले गेले. १ जानेवारीच्या सकाळी सुवाच्य प्रतीच्या अखेरच्या मजकुरात चूक निघाली, म्हणून ती दुरुस्तीला परत गेली. तोवर नववर्षाच्या स्वागतसमारंभात लिंकन तासन्‌तास हस्तांदोलन करत होते. दुपारी टाक उचलला तेव्हा हात थरथरत होता. सही कापरी दिसली तर लोक म्हणतील की मन डळमळले, म्हणून ते थांबले. मग सावकाश, नेहमीच्या आद्याक्षराऐवजी, पूर्ण नाव लिहिले.

जाहीरनाम्याची भाषा रुक्ष आहे, कारण तो सरसेनापतीचा युद्धकालीन हुकूम होता. संघराज्यात राहिलेली चार राज्ये, टेनेसी आणि लुइझियानाचे काही भाग त्यातून वगळले होते. तरीही त्याने युद्धाचा हेतू बदलला. युद्ध संपेपर्यंत सुमारे दोन लाख कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात आणि आरमारात दाखल झाले होते.

लिंकन यांच्या हातची अंतिम प्रत जखमी सैनिकांच्या मदतीसाठी शिकागोच्या जत्रेत ३,००० डॉलरना विकली गेली आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाली. प्राथमिक जाहीरनाम्याचे हस्तलिखित आल्बनीच्या सोडतीत गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते गेरिट स्मिथ यांना मिळाले. ते पुढे न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयात गेले आणि १९११ च्या आगीतून वाचले. सहीची अधिकृत प्रत राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

युद्धकालीन हुकूम शांततेच्या काळात टिकेल याची खात्री नव्हती. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने देशभरातली गुलामगिरी बेकायदा ठरवली. १८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला.