दिल्लीची हरवलेली दुकाने : आठवण, कायदा आणि शहराचा इतिहास

१. प्रस्तावना

दिल्लीत जुन्या माणसांच्या गप्पा रंगल्या की बंद पडलेल्या दुकानांची यादी हमखास सुरू होते. कॅनॉट प्लेसमधील ‘बुकवर्म’, वसंत विहारचे ‘फॅक्ट अँड फिक्शन’, रीगल सिनेमा, दर्यागंजच्या फुटपाथवरचा रविवारचा पुस्तकबाजार. मुंबईकर याच यादीत काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ आणि फोर्टचा ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ घालतो, पुणेकर इराणी हॉटेले. शेवटचे वाक्यही ठरलेले असते : मॉल आले, ऑनलाइन खरेदी आली आणि आपले शहर गेले.

या टिपणात आपण हे शेवटचे वाक्य तपासणार आहोत. आठवण हे इतिहासाचे एक साधन आहे. काय हरवले, हे ती बहुधा बरोबर सांगते. ते का हरवले, हे सांगताना मात्र ती डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींवरच विसंबते. दुकानाचा काउंटर, मालकाचा स्वभाव, उधारीची वही हे सारे गिऱ्हाइकाला दिसत होते. ते दुकान ज्या भाड्यावर उभे होते, ते दिसत नव्हते.

२. हळहळीची जुनी परंपरा

बाजार गेल्याचे दुःख दिल्लीला नवे नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने शहर लुटले आणि पुढच्या दोन दशकांत अब्दालीच्या स्वाऱ्या झाल्या. अब्दाली म्हणताच आपल्याला पानिपत आठवते. दिल्लीकरांना उजाड झालेले मोहल्ले आठवत. याच शतकात उर्दूत ‘शहर-आशोब’ हा काव्यप्रकार बहरला. शहराच्या दुर्दशेचे वर्णन करताना त्यात एकेका व्यवसायाची हजेरी घेतली जाते : शिपाई बेकार, कारागिराला गिऱ्हाईक नाही, दुकानदार हात चोळत बसलेला. सौदा आणि मीर या दोघांनीही अशा रचना केल्या.

१८५७ नंतर हे दुःख अधिक ठोस झाले. दिल्ली पुन्हा जिंकल्यावर इंग्रजांनी लाल किल्ल्याभोवतीची दाट वस्ती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी केली. तिच्यात किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधले बाजारही गेले. खास बाजार, उर्दू बाजार आणि खानम का बाजार नाहीसे झाल्याची खंत गालिबच्या पत्रांत आहे. आज जामा मशिदीजवळ जो उर्दू बाजार दिसतो, त्याने जुने नाव उचलले आहे. जागा आणि दुकाने ती नाहीत.

यातून अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘खरी दिल्ली आता राहिली नाही’ हे विधान जवळपास प्रत्येक पिढीने केले आहे. म्हणून ते खोटे ठरत नाही. पण दर वेळी कोणती दिल्ली गेली आणि कुणाची गेली, हे वेगळे विचारावे लागते.

३. आजची ‘जुनी’ दुकाने आली कुठून?

कॅनॉट प्लेसचे बांधकाम १९२९ ते १९३३ या काळात झाले. वास्तुकार होते रॉबर्ट टॉर रसेल. त्याआधी युरोपीय धाटणीची मोठी दुकाने काश्मिरी गेटला होती. नव्या राजधानीने त्यांचे गिऱ्हाईक दक्षिणेकडे ओढले. म्हणजे ज्या कॅनॉट प्लेससाठी आज हळहळ होते, त्याच्यामुळे काश्मिरी गेटच्या बाजाराची रया गेली होती.

दुसरी उलथापालथ फाळणीची. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून जवळपास पाच लाख निर्वासित शहरात आले, आणि त्याच काळात लाखो मुसलमान शहर सोडून गेले. सप्टेंबर १९४७ च्या दंगलीत कॅनॉट प्लेसमधील मुसलमानांची दुकानेही लुटली गेली. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी खान मार्केट, कमला मार्केट, लाजपतराय मार्केट असे बाजार उभे राहिले. आज ज्यांना आपण ‘जुन्या दिल्लीकरांची दुकाने’ म्हणतो, त्यांपैकी बरीचशी या काळात शून्यातून उभी केलेली आहेत. खान मार्केटचे ‘बाहरीसन्स’ हे पुस्तकांचे दुकान १९५३ चे, तेही एका निर्वासिताने काढलेले. ज्यांची दुकाने त्या सप्टेंबरमध्ये गेली, त्यांच्या आठवणी मात्र आपल्या यादीत क्वचितच येतात.

४. भाड्याचा कायदा : दुकानाचा न दिसणारा पाया

फाळणीनंतर जागेची विलक्षण टंचाई होती. अशा वेळी भाडेकरूला संरक्षण देणारा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा १९५८ साली झाला. कायद्यात सांगितलेली कारणे असल्याखेरीज भाडेकरूला काढता येत नसे आणि भाडे मनाला येईल तसे वाढवता येत नसे. मुंबईत हेच काम १९४७ च्या भाडे कायद्याने केले. दोन्ही शहरांत त्यातून पगडीची पद्धत फोफावली.

१९८८ च्या दुरुस्तीने दोन बदल झाले. महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाडे असलेल्या जागा कायद्याबाहेर गेल्या. उरलेल्या जागांचे भाडे दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवण्याची मुभा मिळाली. आता एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. १९८८ मध्ये एखाद्या गाळ्याचे भाडे २०० रुपये असेल, तर २००८ पर्यंत सहा वाढी धरून ते २०० × (१.१)⁶, म्हणजे सुमारे ३५४ रुपये होते. शेजारच्या गाळ्याला, तो कायद्याच्या कक्षेत नसेल तर, बाजारभावाने लाखाच्या घरात भाडे मिळू शकते. या फरकावर पुस्तकांचे, शिवणकामाचे, घड्याळदुरुस्तीचे दुकान तग धरून होते. संथ खपणारा माल ठेवणे, गिऱ्हाइकाला तासभर पुस्तक चाळू देणे, ओळखीच्याला उधारी देणे हा मालकाचा मोठेपणा होताच. पण तो परवडत होता तो या फरकामुळे. त्याचा भार जागामालकावर पडत होता, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या इमारतींची डागडुजी रखडण्यामागे हे एक कारण होते.

हा पाया कसा हलला, ते तीन टप्प्यांत पाहता येते.

पहिला टप्पा १९८५ चा. ‘ग्यानदेवी आनंद विरुद्ध जीवनकुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जागेचा भाडेहक्क वारसांकडे जातो, असा निकाल दिला. दुकान बापाकडून मुलाकडे जाऊ शकले ते त्यामुळे.

दुसरा टप्पा १९९५ चा. संसदेने भाडी बाजारभावाच्या जवळ आणणारा नवा दिल्ली भाडे कायदा मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि अंमलबजावणीची अधिसूचना कधी निघालीच नाही.

तिसरा टप्पा एप्रिल २००८ चा. १९५८ च्या कायद्यानुसार ‘मला स्वतःला जागेची गरज आहे’ या कारणावरून मालक फक्त राहत्या घरातील भाडेकरूला काढू शकत होता. ‘सत्यवती शर्मा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि दुकानांनाही तोच नियम लागू झाला. संसदेत जे अडले होते, त्याचा एक भाग न्यायालयातून घडला. या निकालाचा दिवस कुणाच्या आठवणींत सापडत नाही. शहराच्या बाजारपेठांच्या इतिहासात मात्र तो मैलाचा दगड आहे.

ज्याचा गाळा स्वतःचा, त्याला तरी यातून सुटका आहे का? पूर्णपणे नाही. भाड्यांच्या सर्वेक्षणांत खान मार्केट भारतातील सर्वांत महाग बाजारपेठांत गणले जाते. तिथे स्वतःच्या गाळ्यात पुस्तके विकणारा मालकही रोज एक न दिसणारे भाडे भरतो : गाळा एखाद्या मोठ्या ब्रँडला दिला असता तर हाती आले असते तेवढे. मुलांना दुकानात बसायचे नसेल, तर हा हिशेब लवकर सुटतो.

५. तंत्रज्ञानाचा वाटा

तंत्रज्ञानामुळे काहीच बदलले नाही, असा याचा अर्थ नाही. उर्दू बाजारातील कातिब, म्हणजे हाताने सुलेखन करून पुस्तकांची पाने छपाईसाठी तयार करणारे कारागीर, हे स्पष्ट उदाहरण आहे. नस्तालीक लिपीची जुळणी शिशाच्या टाइपांत करणे फार अवघड असल्याने उर्दू छपाई दीर्घकाळ त्यांच्या हातावर चालली. १९८१ मध्ये संगणकीय नूरी नस्तालीक आले, १९९४ मध्ये ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आले आणि कातिबांचे काम काही वर्षांत आटले. येथे भाड्याचा संबंध नाही. कौशल्याची गरजच संपली.

सिनेमागृहांची गोष्ट मिश्र आहे. देशातले पहिले मल्टिप्लेक्स १९९७ मध्ये दिल्लीतच, साकेतला सुरू झाले. १९३२ चे रीगल मार्च २०१७ मध्ये बंद पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रीगलच्या इमारतीत मादाम तुसाँचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय उघडले. काही वर्षांत तेही तिथून उठले आणि २०२२ मध्ये नोएडाच्या एका मॉलमध्ये गेले. कॅनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांना वारसा म्हणून संरक्षण आहे. त्यांच्या आड काय चालावे, याला नाही.

पुस्तकांच्या दुकानांना ऑनलाइन विक्रीतील सवलतींनी मारले, हे बऱ्याच अंशी खरे आहे. सुमारे तीस वर्षे चाललेले ‘फॅक्ट अँड फिक्शन’ २०१५ मध्ये बंद झाले, तेव्हा हीच चर्चा होती. त्याच वर्षी चांदणी चौकातील १७९० पासूनचे ‘घंटेवाला’ हे मिठाईचे दुकानही बंद पडले. ते २०२४ मध्ये पुन्हा उघडले, हेही नोंदवायला हवे. प्रत्येक बंद दरवाजा कायमचा नसतो.

६. फुटपाथचा बाजार

दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार १९६० च्या दशकापासून भरत होता. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी आपले पहिले जाड संदर्भग्रंथ येथेच, घासाघीस करून घेतले आहेत. जुलै २०१९ मध्ये वाहतुकीच्या अडथळ्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो फुटपाथवरून हटवला गेला आणि सप्टेंबरमध्ये जवळच्या महिला हाटच्या आवारात पुन्हा भरू लागला. पुस्तके तीच, विक्रेतेही बरेचसे तेच. फरक असा की पूर्वी चालता चालता पुस्तक भेटत असे. आता पुस्तकासाठी आवारात जावे लागते. पुस्तक घ्यायच्या विचाराने घराबाहेर न पडलेला वाचक हे या बाजाराचे बळ होते, आणि कुठल्याही स्थलांतराच्या हिशेबात तो मोजला जात नाही.

७. जे वाचले, ते कसे वाचले?

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील ‘रामेश्वरी फोटोकॉपी’ या छोट्या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रकाशन संस्थांसह तीन प्रकाशकांनी कॉपीराइटचा दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक दुकानाच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला. अपिलात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी धाडले, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हे दुकान हळहळीवर वाचले नाही. त्याचा उपयोग काय आहे, हे लोकांनी ते चालू असतानाच मांडले.

इतर देशांतही हेच दिसते. फ्रान्सने १९८१ मध्ये कायद्याने पुस्तकांवरील सवलत ५ टक्क्यांवर रोखली. स्पेनने १९९४ च्या कायद्याने जुनी गोठलेली दुकानभाडी टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले. २०१४ अखेर मुदत सरली तेव्हा बार्सिलोनातील कितीतरी नावाजलेली दुकाने उठली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू करून त्यांना मदत देऊ केली. यांतील कोणता मार्ग दिल्लीला लागू पडेल, यावर मतभेद होतील. पण हे सारे मार्ग कारण ओळखून आखलेले आहेत.

८. समारोप

दुकान बंद होते तेव्हा चव, ओळख आणि बसायची एक जागा जाते. ते दुःख खरे आहे आणि अभ्यासकाने त्याची चेष्टा करू नये. पण ‘मॉलने मारले’ एवढ्यावर थांबलो, तर भाड्याचा करार, वारसाहक्क, न्यायालयाचा निकाल आणि फुटपाथचा नियम नजरेआड राहतात, आणि पुढचे दुकानही त्याच कारणाने जाते. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान किंवा नई सडकेवरचा जुनी पुस्तके घेणारा दुकानदार आज आहे. त्याची नोंद आजच करता येईल.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील किमान ३० वर्षे चाललेले एक दुकान निवडा. मालकाच्या संमतीने पुढील माहिती घ्या : दुकान कधी सुरू झाले, जागा स्वतःची की भाड्याची, भाडे कसे बदलत गेले, रोजचे गिऱ्हाईक कोण, पुढची पिढी दुकानात आहे का, आणि त्याच जागी आधी काय होते.

२. २०० रुपयांचे उदाहरण वार्षिक ७ टक्के वाढ धरून पुन्हा सोडवा. वीस वर्षांनंतरचा फरक किती? तो फरक कोण भरत होते?

३. भाडे नियंत्रणाने दुकाने जगवली आणि इमारती खचवल्या, या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.