निराधारांचे अनुदान : पैसे नेमके कोणत्या खात्यात?

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांचे पैसे डिसेंबर २०२४ पासून राज्य शासनाच्या थेट लाभ हस्तांतरण, म्हणजेच डीबीटी, पोर्टलमार्फत देण्यास सुरुवात झाली. बदल कारभाराचा असला तरी त्याची झळ पासबुकापर्यंत पोहोचते. जुन्या खात्यात काहीच जमा नाही आणि तहसील कार्यालयात मात्र 'रक्कम गेली' असे उत्तर मिळते, असा पेच अनेक वृद्ध व विधवांपुढे उभा राहतो. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते. पैसे गेलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात.

निराधार योजना राज्यात १९८० साली, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले, तसेच कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांनी ग्रासलेले गरजू तिच्या कक्षेत येतात. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये असून दिव्यांगांसाठी ती ५० हजार करण्यात आली. मुंबईसारख्या शहरात २१ हजारांत वर्ष कसे निघावे, हा प्रश्न जुनाच आहे. अर्जदार किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

अनुदानाची रक्कम २०१९ मध्ये दरमहा ६०० वरून एक हजार रुपये झाली. त्या वेळी एक अपत्य असलेल्या विधवेला १,१०० आणि दोन अपत्ये असलेल्या विधवेला १,२०० रुपये ठरविण्यात आले होते. जुलै २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपये करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला.

पूर्वी काय होत असे?

निधी मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे व तेथून तहसीलदारांकडे येई. तहसील कार्यालय बँकनिहाय लाभार्थ्यांची यादी करी, कोषागारातून रक्कम काढून ती यादीसह बँकेकडे पाठवी आणि बँक एकेका खात्यात पैसे टाकी. या प्रवासात विलंब होई, पण यादीत खाते क्रमांक लिहिलेला असल्याने पैसे कोठे जाणार हे निश्चित असे. एखादा आकडा चुकला तर तो कोणाकडे दुरुस्त करून घ्यायचा, हेही ठाऊक असे.

नव्या पद्धतीत राज्यस्तरावरून रक्कम थेट लाभार्थ्याला पाठविली जाते आणि तिचा पत्ता म्हणजे खाते क्रमांक नव्हे, तर आधार क्रमांक. सारा घोळ येथेच होतो.

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, एक संगणकीय नोंदवही ठेवते. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, एवढीच नोंद तीत असते. खाते क्रमांक तीत नसतो. शासनाने आधार क्रमांकावर पैसे पाठविले की नोंदवही बँक दाखविते आणि ती बँक आपल्याकडील संबंधित खात्यात रक्कम जमा करते. एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक असते. लाभार्थ्याने अनुदानासाठी संमती देऊन ज्या बँकेत शेवटी आधार जोडला, तीच बँक ग्राह्य धरली जाते. अर्जावर लिहिलेले खाते, हातातले जुने पासबुक किंवा इतकी वर्षे पैसे येत होते ती शाखा, यांपैकी कशाचाही या नोंदीवर परिणाम होत नाही.

येथे एक फरक समजून घ्यावा लागतो. 'खात्याला आधार लिंक आहे' असे बँकेत सांगितले जाते तेव्हा अनेकदा एवढाच अर्थ असतो की ओळख पटविण्यासाठी आधारची प्रत घेतली आहे. अनुदान येण्यासाठी तेवढे पुरत नाही. आधार एनपीसीआयच्या नोंदवहीत चढविण्यासाठी, ज्याला बँकेत 'सीडिंग' किंवा 'डीबीटी चालू करणे' म्हणतात, वेगळा संमती अर्ज भरावा लागतो.

नवे खाते उघडताना त्या अर्जातील संमतीच्या चौकटीवर नकळत खूण होते आणि अनुदानाचा मार्ग बदलतो. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत देशभर हेच घडले. मोबाइल सिमची आधार पडताळणी करताना अनेकांची खाती उघडली गेली आणि स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान त्यांच्या नकळत तेथे वळले. त्या वेळी सुमारे १९० कोटी रुपये परत करावे लागले. म्हणूनच पैसे 'गायब' झाले असतील तर गेल्या काही वर्षांत टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत, जनधनमध्ये किंवा मुलाने हौसेने मोबाइलवर उघडून दिलेले एखादे खाते आहे का, हे आधी आठवून पाहावे.

बँकांच्या विलीनीकरणानेही गोंधळात भर घातली. देना बँक व विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, तर आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक एप्रिल २०२० मध्ये युनियन बँकेत विलीन झाल्या. भांडुपमध्ये मुख्यालय असलेली पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत समाविष्ट झाली. जुन्या नावाचे पासबुक घेऊन बसलेल्या खातेदाराने आपले खाते चालू आहे का आणि आधारची नोंद नव्या बँकेच्या नावे आहे का, याची खात्री करून घेणे इष्ट.

दीड हजारांऐवजी तेराशेच?

काही लाभार्थ्यांची तक्रार वेगळी असते. पैसे येतात, पण कमी. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्यांना केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातूनही वाटा मिळतो. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचे दरमहा २०० रुपये, ऐंशीपुढे ५०० रुपये. विधवा व दिव्यांग निवृत्तिवेतनात ३०० रुपये. उरलेली रक्कम घालून राज्य दीड हजारांचा आकडा पूर्ण करते. त्यामुळे एकाच महिन्याच्या अनुदानाच्या दोन स्वतंत्र नोंदी, वेगवेगळ्या तारखांना, पासबुकात दिसू शकतात. तेराशे रुपये आले म्हणून दोनशे बुडाले असे लगेच समजू नये. उरलेली नोंद पुढेमागे येते का ते पाहावे. याउलट दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम जमा झाली की ती वाढ समजली जाते. महिन्यांचा हिशेब पासबुकावरच पेन्सिलीने मांडून ठेवणाऱ्यांची अशी फसगत सहसा होत नाही.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेमुळेही हिशेब चुकतो. दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा दीड हजार किंवा अधिक रक्कम मिळत असेल तर त्या योजनेचा लाभ मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपात्र ठरविण्यात आलेल्या महिलांमध्ये निराधार योजनेच्या २ लाख ३० हजार लाभार्थी असल्याचे शासनाने जाहीर केले होते. त्या महिलांचे निराधार अनुदान बंद झाले, असा त्याचा अर्थ नाही. दोन्हींची रक्कम सारखीच असल्याने आपल्याला नेमके कोणत्या योजनेचे पैसे आले, हे बँकेकडून विवरणपत्र घेऊनच कळते.

नाहूरकरांनी जावे कोठे?

नाहूर हे गाव मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला तालुक्यात मोडते. नाव कुर्ल्याचे असले तरी तालुक्याचे तहसील कार्यालय मुलुंड पश्चिमेला आहे. म्हणजे नाहूर स्थानकापासून एकच स्थानक पुढे. नावामुळे पुष्कळ जण उलट्या दिशेची गाडी पकडतात. महापालिकेच्या भांडुप किंवा मुलुंडच्या विभाग कार्यालयाचा या अनुदानाशी संबंध नाही. तहसीलच्या कामाने समाधान न झाल्यास पुढची पायरी वांद्र्याचे जिल्हाधिकारी कार्यालय.

मात्र तहसीलमध्ये जाण्यापूर्वी आधारची नोंद कोणत्या बँकेत आहे ते पाहून घेतल्यास एक फेरी वाचते. आधार प्राधिकरणाच्या 'माय आधार' संकेतस्थळावर बँक संलग्नतेची स्थिती पाहता येते. बँकेचे नाव व नोंद सक्रिय आहे की निष्क्रिय, हे तेथे दिसते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जोडलेला नसेल तर कोणत्याही आपल्या बँकेच्या शाखेत विचारावे, किंवा १९४७ या क्रमांकावर चौकशी करावी. ओटीपी स्वतःच टाकावा. फोनवरून मागणाऱ्याला, तो तहसीलचे नाव सांगत असला तरी, देऊ नये.

नोंद दुसऱ्या बँकेत आढळली तर आधी तेथील शिल्लक तपासावी. कित्येकदा सगळे हप्ते तेथे सुरक्षित पडलेले असतात. पैसे जुन्याच खात्यात यावेत असे वाटत असेल तर त्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नोंद निष्क्रिय असेल, खाते केवायसीअभावी गोठले असेल किंवा आधारवरील नाव योजनेतील नावाशी जुळत नसेल, तर रक्कम परत जाते. अशा वेळी दुरुस्ती करून आधारची प्रत, पासबुकाची प्रत व मंजुरीपत्र यांसह तहसीलमध्ये लेखी अर्ज करावा आणि त्यात न मिळालेल्या महिन्यांचा स्पष्ट उल्लेख करावा. तोंडी विचारणेची नोंद राहत नाही.

मुलासोबतच्या संयुक्त खात्यात आधार मुलाचा जोडलेला असेल तर आईचे अनुदान त्या खात्यात येत नाही. आईचाच आधार जोडावा लागतो.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकल्यास बाकी सारे बिनचूक असूनही अनुदान थांबते. बोटांचे ठसे न उमटणाऱ्या वृद्धांची त्यात नेहमीच अडचण होत आली. केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये चेहरा ओळखून पडताळणी करणारे मोबाइल ॲप आले असून घरातील कोणाच्याही स्मार्टफोनवर ते वापरता येते.