तोंडी होकार

आमच्या बँकेत सहीशिवाय पाच रुपयेसुद्धा काउंटरबाहेर जात नाहीत. अमेरिकेतले कॉलेज-फुटबॉलचे शौकीन मात्र शाळकरी पोराच्या तोंडी होकारावर वर्षानुवर्षं स्वप्नांचं व्याज खातात! (तिथला फुटबॉल बहुतेक हातानंच खेळतात, ते सोडा.) नियमानं हा होकार कुणालाच बांधत नाही.

ट्रॅव्हिस हंटर हा त्या वर्षीचा देशातला अव्वल गणलेला पोरगा. मार्च २०२० मध्ये त्यानं फ्लोरिडा स्टेटला शब्द दिला आणि १५ डिसेंबर २०२१ला, ऐन सहीच्या दिवशी, खालच्या गटात खेळणाऱ्या जॅक्सन स्टेटची वाट धरली. तिथला कोच डिऑन सँडर्स, म्हणजे फ्लोरिडा स्टेटचाच जुना हिरो. मुलीच्या सख्ख्या मामानंच नवरामुलगा पळवावा, तसं झालं! कुणाला पैशाचा वास आला, कुणी आपल्याच कोचला धारेवर धरलं, कुणी पोराला गद्दार ठरवलं.

पोरगा अठरा वर्षांचा. त्या वयात मीही सायन्सचा फॉर्म भरून कॉमर्सला गेलो होतो. माझ्यावर एकटे वडील चिडले. त्याच्यावर अख्खं गाव!

पुढं वर्षभरात सँडर्सही जॅक्सन सोडून कोलोरॅडोला गेला. आमच्याकडे याला बढती म्हणतात. हंटर त्याच्या मागोमाग गेला आणि २०२४चा हाइझमन पुरस्कार घेऊन बसला. शब्द मोडला म्हणून माणूस मोडीत निघत नाही.