कलमाचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पांढुर्णा आणि सौंसर या भागातील बागायतदाराने ही म्हण ऋषी आणि नदी यांच्यापुरतीच ठेवावी; संत्र्याचे कलम घेताना मात्र कूळ आणि मूळ या दोहोंचीही कसून चौकशी करावी, असे माझे आजचे सांगणे आहे. या सांगण्याला आधार दोनशे वर्षांच्या इतिहासाचा आहे.

आंबिया बहाराची फळे उतरू लागली, हाती चार पैसे आले, की इकडच्या गावोगावी पुढल्या पावसाळ्यात कोणती झाडे लावावी याची बोलणी सुरू होतात. ही निवड कपाशीच्या बियाण्याच्या निवडीसारखी नव्हे. बियाणे चुकले तर एका हंगामाचे नुकसान होते आणि पुढल्या वर्षी शेतकरी शहाणा होतो. संत्र्याचे झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते. तोवर खड्डे, खत, पाणी आणि राखण यांवर पैसा ओतलेला असतो. कलम वाईट निघाले हे तेव्हा कळते, आणि तेव्हा ते उपटून टाकण्याचे धैर्य फारच थोड्यांना होते. चांगली बाग वीस-पंचवीस वर्षे घर चालवते. वाईट बाग तितकीच वर्षे घर खाते. म्हणून पूर्वी ही निवड कशी होत आली हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

सातपुड्याचे पठार छिंदवाड्याहून दक्षिणेस उतरते, तेथे घाटाखाली या दोन तहसिली वसल्या आहेत. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस नागपूरचे मैदान. सौंसरच्या बाजूस कन्हान, तर पांढुर्ण्यातून जाम नदी वाहते. सरकारी कागद हिंदीत असले तरी बाजारातली आणि माजघरातली भाषा मराठीच आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि दोन्ही तहसिली त्यात आल्या. परंतु नागपूरशी असलेले नाते याहून पुष्कळ जुने आहे. छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राज्याचा राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वस्त्या एकत्र करून नागपूर वसविले. तेव्हा नागपूर हे शहरच मुळी देवगडच्या झाडाचे कलम होय. पुढे भोसल्यांनी नागपूर घेतले आणि देवगडचा मुलूखही त्यांच्या अमलाखाली आला. पहाडातून खाली गेलेल्या या कलमाने कालांतराने परतफेड केली ती संत्र्याच्या रूपाने.

संत्रा हे फळ भारताला नवे नाही. संस्कृतातील नारंग हा शब्द फारसी-अरबीत नारंज झाला, स्पेनमध्ये नारांखा झाला आणि इंग्रजीत ऑरेंज होऊन पुन्हा आपल्याकडे आला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची नोंद करताना संगतऱ्याचाही उल्लेख केला आहे. नागपूरच्या संत्र्याची कथा मात्र दुसऱ्या रघुजी भोसल्यांपासून सुरू होते. १८१६ साली निधन पावलेल्या या राजाने औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, संत्र्याची रोपे आणवून नागपुरातील आपल्या बागेत लावली, असे परंपरा सांगते. राजाने फळाची गोडी पाहिली आणि झाड आणविले. ते टिकविले मात्र नागपूरच्या जमिनीने आणि हवेने. या हवेत संत्र्याला दोन बहार घेता येतात. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण दिला की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया फुलतो. उन्हाळ्यात ताण दिला की पहिल्या पावसावर मृग फुलतो. आंबियाची फळे दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकाच झाडाला बहार निवडण्याची मुभा असणे ही बागायतदाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

राजाच्या बागेतले झाड रयतेच्या शेतात यायला दोन गोष्टी लागतात : बाजार आणि पाणी. मुंबईची रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि नाजूक फळाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. १९२० च्या दशकात इटारसी-नागपूर मार्ग पुरा झाला. पांढुर्णा त्याच मार्गावर असल्यामुळे उत्तरेकडची शहरे जवळ आली. सौंसरहून छिंदवाडा-नागपूर ही अरुंद गाडी जात असे. तो मार्गही आता रुंद झाला आहे. पाण्याचे काम विहिरीने केले. मोटेच्या काळात बाग बैलांच्या बळाइतकीच मोठी असे. इंजिन आणि नंतर विजेचा पंप आला, तेव्हा एकरभराची बाग पाच एकरांची झाली. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी आणि त्यांना लागून पांढुर्णा, सौंसर असा एक अखंड संत्रापट्टा तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. सीमेची रेघ बागांमधून गेली. पण झाडाला त्याचा पत्ता नव्हता. आजही पांढुर्ण्याचे पुष्कळ बागायतदार वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाटच्या प्रसिद्ध रोपवाटिकांतून कलमे आणतात.

आता झाडाच्या मुळाकडे वळू. संत्र्याचे बी पेरले तरी झाड येते. परंतु ते काटेरी होते आणि फळावर यायला फार वर्षे घेते. म्हणून बागायतदार संत्र्याचा डोळा दुसऱ्या झाडाच्या रोपावर बांधतात. आपल्याकडे हा खुंट परंपरेने जंबेरीचा असतो. जंबेरीचे बी रुजवावे, रोप वाफ्यात वाढवावे, ते पेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे साल चिरून त्यात निवडक झाडाचा डोळा बसवावा आणि डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटावा, अशी ही रीत आहे. म्हणजे आपण ज्याला संत्र्याचे झाड म्हणतो ती वस्तुतः दोन झाडे आहेत. वरचे फळ देते, खालचे जगवते. गिऱ्हाइकाला वरचे दिसते, आणि दुर्दैवाने कलम घेणाऱ्यालाही बहुधा वरचेच दिसते.

जंबेरीने या पट्ट्याचे कल्याण केले यात शंका नाही. झाड जोमाने वाढते आणि भरपूर फळते. परंतु पट्ट्यातील बहुतेक बागा एकाच जातीच्या आणि एकाच जातीच्या मुळावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट संकटाला निमंत्रण देणारी ठरली. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की जमिनीतील बुरशी मुळाशी जाते. मुळे कुजतात, खोडातून डिंक वाहू लागतो आणि उभे झाड पिवळे पडत पडत वाळते. हाच तो डिंक्या. जंबेरी या रोगाला सहज बळी पडते. दुसरीकडे काळ्या माशीमुळे पानाफळांवर कोळशी चढते. तिसरे संकट पाण्याचे. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि भर उन्हाळ्यात टँकरने बाग जगविण्याची पाळी अनेकांवर आली. अशा वेळी एकाचे झाड वाळले म्हणजे शेजाऱ्याचेही वाळते. कारण दोन्हींचे मूळ एकच असते.

काही रोग असे आहेत की ते कलमाच्या डोळ्यातूनच बागेत शिरतात. ट्रिस्टेझा नावाचा विषाणूरोग हा त्यांतला प्रमुख. रोगी मातृवृक्षाचा डोळा हजार रोपांवर बांधला तर हजार बागांत रोग पोहोचतो, आणि रोपावर मात्र पाने हिरवीगार दिसत असतात. १९८६ साली नागपूरला राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र उभे राहिले. तीच आजची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. तेथील शास्त्रज्ञांनी फांदीच्या अगदी टोकाचा सूक्ष्म कोंब घेऊन त्यावरून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याची पद्धत रूढ केली, आणि जमिनीतील वाफ्याऐवजी निर्जंतुक मातीच्या पिशव्यांत, जाळीखाली कलमे वाढविण्याचा प्रघात पाडला. जवळजवळ बिनबियांच्या संत्र्याची निवडही त्यांनी पुढे आणली आहे. राजाने फळ निवडले होते. या लोकांनी कूळ तपासले.

तेव्हा पुढील वर्षी बाग लावू इच्छिणाऱ्याने प्रथम रोपवाटिकेत जाऊ नये, आपल्याच शेतात जावे. तीन-चार ठिकाणी कमरेइतका खड्डा खणून खाली काय आहे ते पाहावे. खाली मुरूम असेल आणि पाणी झिरपत असेल तर उत्तम. नुसती चिकण काळी माती लागली, तर चर काढून पाण्याला वाट दिल्याखेरीज बागेचा विचार करू नये. चुनखडी दिसली किंवा उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली, तर जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमे मागावीत. तो खुंट चुनखडी आणि पाण्याचा ताण अधिक सोसतो. डोळा जमिनीपासून सुमारे नऊ इंच उंच बांधलेला असावा आणि लावताना तो मातीत गाडला जाऊ नये. खाली बांधलेला डोळा म्हणजे डिंक्याला उघडे ठेवलेले दार होय. मातृवृक्ष कोणता, हे रोपवाटिकेच्या मालकाला विचारावे आणि जमल्यास तो प्रत्यक्ष पाहावा. उत्तर देताना जो अडखळतो त्याची कलमे स्वस्त असली तरी घेऊ नयेत.

हिशेबही मनात असावा. सहा मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. एका कलमामागे वाचविलेले पाच-दहा रुपये या आकड्याने गुणावेत आणि बागेच्या वीस वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून पाहावेत, म्हणजे स्वस्ताईची खरी किंमत कळेल. शिवाय खुंटाचे बी रुजविल्यापासून कलम विक्रीला येईपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. मृगाचा पाऊस पडल्यावर धावत जाणाऱ्याला उरलेसुरलेच मिळते. पुढल्या वर्षीची निवड यंदाच करावी लागते, ती याचसाठी. बाग फळावर येईपर्यंत ओळींमधून हरभरा, भुईमूग, सोयाबीन घेता येते. त्याने जमीनही सुधारते आणि घरखर्चही निघतो. आणि ज्याला शक्य असेल त्याने सगळे शेत एकाच झाडाच्या स्वाधीन करू नये. थोडी मोसंबी, थोडे कागदी लिंबू बांधाच्या आत असावे.

औरंगाबादेहून नागपूरला आणि नागपूरच्या पट्ट्यातून कन्हान-जामेच्या काठी आलेल्या या झाडाने दोन तहसिलींतील हजारो घरांना शेतीत उभे केले. मुलांची शिक्षणे आणि मुलींची लग्ने त्याच्यावर झाली. पूर्वजांची निवड चांगली होती. परंतु त्यांनी ती जिवंत ठेवली ती दर पिढीला पुन्हा निवड करून. आता पाळी आपली आहे. फळाची गोडी जिभेला कळते, तिची परीक्षा कोणीही करील. मुळाची परीक्षा मातीत हात घालून आणि चार प्रश्न विचारूनच करावी लागते, आणि पुढील वीस वर्षांची बाग त्या प्रश्नांवर उभी राहते.