व्हेंचुरी : एका अरुंद गळ्याची कुळकथा

बऱ्हाणपूरहून रावेरच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी लागते. मधे मध्य प्रदेशाची हद्द संपते आणि महाराष्ट्र सुरू होतो, पण केळीला त्याचा पत्ता नसतो. अशा कुठल्याही बागेत विहिरीजवळ जाऊन ठिबकची जोडणी पाहा. मोठ्या पाइपाला समांतर, वीतभर लांबीचा एक प्लास्टिकचा तुकडा बसवलेला दिसेल. दोन्ही टोकांना रुंद, मधे कमरेत आवळलेला. त्या कमरेतून एक बारीक नळी निघते आणि शेजारच्या ड्रममधल्या खताच्या पाण्यात बुडते. मोटर चालू केली, मुख्य पाइपावरचा कॉक जरासा आवळला, की ड्रममधलं खत नळीतून वर चढतं आणि पाण्याबरोबर झाडाच्या मुळाशी जातं. त्या तुकड्याला वीज लागत नाही. आत पंखा नाही, दट्ट्या नाही, हलणारं असं काहीच नाही. शेतकरी त्याला ‘व्हेंचुरी’ म्हणतो. व्हेंचुरी बसवली, व्हेंचुरी ओढत नाही, व्हेंचुरीत कचरा अडकला. इतका हा शब्द आता मराठीच्या अंगवळणी पडला आहे.

ही व्हेंचुरी आणखी एका ठिकाणी काम करते. पूर्वी ज्या जिल्ह्यात बऱ्हाणपूर होतं त्या खंडव्यात, नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया आहे. २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरतो आणि पाण्यावर वॉटर स्कूटर धावतात. त्या बसून चालवायच्या. त्यांची मूळ जात मात्र उभ्याने चालवायची होती : एका माणसापुरती, अंगाने चिंचोळी, पुढे वरखाली होणारा दांडा आणि मागे पाय रोवायला एक खोलगट जागा. या जुन्या उभ्या जेट स्कीच्या पोटात इंजिनाला पेट्रोल पाजण्याचं काम व्हेंचुरी करते, आणि तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकण्याचंही तीच करते. हौशी लोक या यंत्रात जे फेरफार करतात, ते मुख्यतः याच दोन ठिकाणी. म्हणून तिचं कूळ शोधायला हवं.

हे कूळ इटलीतल्या एका माणसाच्या आडनावापर्यंत जातं. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी हा रेज्जोजवळच्या बिब्यानो गावचा, जन्म १७४६ चा. तो पाद्री होता, प्राध्यापक होता, आणि वाहत्या पाण्याचं त्याला वेड होतं. नदी अरुंद जागी जोरात धावते हे तापीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. न दिसणारी गोष्ट पुढची आहे : जोरात धावणारं पाणी बाजूच्या भिंतीला कमी रेटतं. वेग वाढला की दाब घटतो. हा हिशेब दानिएल बर्नूली याने १७३८ मध्ये मांडला होता. व्हेंचुरीने निमुळत्या नळ्या घेऊन प्रत्यक्ष प्रयोग केले आणि १७९७ मध्ये ते पॅरिसमध्ये छापले. नळीच्या आवळलेल्या जागी भोक पाडून तिथून खाली भांड्यात दुसरी नळी सोडली, तर भांड्यातलं पाणी वर खेचलं जातं, हे त्याने दाखवून दिलं.

त्याच पुस्तकात त्याने या ओढीचा एक उपयोगही सुचवला. एखादी पाणथळ जमीन शेजारच्या प्रवाहापेक्षा खाली असली, तरी त्या प्रवाहाच्या धबधब्याचा जोर वापरून तिच्यातलं पाणी यंत्राशिवाय उपसता येईल. म्हणजे खालचं साचलेलं पाणी वरच्या धावत्या पाण्याने आपल्याबरोबर ओढून न्यायचं. जेट स्कीच्या पोटातला उपसा नेमका हाच आहे.

मूळ माणूस १८२२ मध्ये गेला. त्याचं नाव वस्तूला चिकटलं ते पुढे. क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने १८८७ च्या सुमारास मोठ्या नळातून किती पाणी जातं हे मोजायला अशीच आवळलेली नळी वापरली आणि तिला ‘व्हेंचुरी मीटर’ हे नाव दिलं. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी, आणि जर्मनीत मायबाख याने, बारीक तोंडातून पेट्रोलचा फवारा हवेत सोडणारे कार्ब्युरेटर घडवले. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून पाण्याऐवजी हवा धावते आणि ड्रममधल्या खताच्या जागी वाटीतलं पेट्रोल खेचलं जातं. या गळ्यालाही मेकॅनिक व्हेंचुरीच म्हणतात. ज्यांनी लुना किंवा जुनी बजाज स्कूटर वापरली आहे, त्यांच्या मांडीखाली ही व्हेंचुरी वर्षानुवर्षं श्वास घेत होती.

पाण्यावरची शाखा वेगळ्या वाटेने आली. डेन्मार्कचा पाउल एल्व्हस्ट्रोम १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सलग सुवर्णपदकं घेणारा खलाशी. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘सेल्फ-बेलर’ होडीच्या तळाला बसतो. होडीने वेग घेतला की खालून सरकणारं पाणी आतलं पाणी ओढून घेतं. मोट नको, डबा नको. पण होडी थांबली की उपसा थांबतो, आणि झाकण उघडं राहिलं तर बाहेरचं पाणी आत येतं. ही अट या कुळातल्या प्रत्येकाला लागू आहे.

मग न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन. उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत पंख्याची पाती तुटतात म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात खालून पाणी शोषून मागे झोताने फेकणारी जेट बोट यशस्वी केली. त्यानंतर अमेरिकेचा क्लेटन जेकबसन. हा मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचा, म्हणजे मोटोक्रॉसचा वेडा बँकवाला. मातीवर आपटण्यापेक्षा पाण्यावर आपटलेलं बरं, या विचारातून त्याने नोकरी सोडली आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला ॲल्युमिनियमचं पहिलं यंत्र बनवलं. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ मध्ये ‘सी-डू’ काढली ती बसून चालवायची, आणि ती लवकरच बंद पडली. जेकबसनची उभ्याने चालवायची कल्पना कावासाकीने उचलली आणि १९७३ मध्ये ‘जेट स्की’ बाजारात आणली. ४०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एक स्वार. मूळ नाव एका कंपनीचं, पण आज ते साऱ्या जातीचं झालं आहे.

हे यंत्र बनवणाऱ्यांसमोरची अडचण समजून घ्यायला हवी. उभी जेट स्की उलटते. उलटायलाच ती असते. स्वार पडतो, पोहत येतो, ती सरळ करतो आणि पुन्हा चढतो. आता मोटारसायकलचा कार्ब्युरेटर उलटा केला तर वाटीतलं पेट्रोल सांडेल, कारण तिथे पातळी राखायला तरंगणारा फ्लोट असतो. म्हणून इथे फ्लोटऐवजी रबरी पडद्याचा कार्ब्युरेटर आला, तोच जो झाडं कापायच्या यंत्रकरवतीत असतो. करवतही आडवीतिडवी धरावी लागते. पेट्रोल टाकीतून वर आणायलाही वेगळी मोटर नाही. टू-स्ट्रोक इंजिनाचा खालचा कप्पा प्रत्येक फेऱ्यात श्वास घेतो आणि सोडतो. तो धपापता दाब एका नळीने पंपाच्या पडद्यापर्यंत नेला की पडदा फडफडतो आणि पेट्रोल पुढे ढकललं जातं. टाकीत हवा जायला वाट हवी, पण उलटल्यावर त्या वाटेने पेट्रोल बाहेर यायला नको, म्हणून तिथे एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह.

तळाच्या पाण्याची तोड त्याहून सुंदर आहे. मागच्या पंपातून पाणी निमुळत्या तोंडाने झोतासारखं बाहेर पडतं. त्या तोंडात एक बारीक धातूची नळी बसवलेली असते, टोक तिरपं कापलेलं, तोंड झोत जातो त्या दिशेला. तिचं दुसरं टोक होडीच्या तळाशी, जाळी लावून. जेट स्की धावते तेव्हा झोत या नळीतून ओढ घेतो आणि आतलं पाणी झोतात मिसळून मागे जातं. केळीच्या बागेतली ड्रमची नळी आणि ही नळी यांत काडीचाही फरक नाही. जाळीसुद्धा तशीच.

त्याच पंपात थोडं आधी, जिथे वाट अजून आवळलेली नाही आणि दाब भरपूर आहे, तिथून इंजिन थंड ठेवायचं पाणी घेतात. एकाच पंपाला दोन भोकं : एक ढकलतं, एक ओढतं. कुठलं भोक कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून स्वतःच्या हाताने दुसरी उपसा-नळी बसवणाऱ्याने एक गोष्ट गाठीला बांधावी. तिरप्या टोकाचं तोंड चुकून झोताच्या समोर झालं, तर तीच नळी बाहेरचं पाणी जोराने आत भरेल.

दुसरी खबरदारी नळीच्या वळणाची. तळापासून निघालेली नळी आधी होडीच्या वरच्या अंगाला चढवतात, मग पंपाकडे उतरवतात, आणि वळणाच्या माथ्यावर सुईएवढं भोक ठेवतात. इंजिन बंद पडलं की त्या भोकातून हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. भोक नसेल तर सायफन उलटा लागेल आणि बाहेरची नदी हळूहळू होडीच्या पोटात येईल. नवख्या माणसाला ते भोक म्हणजे गळती वाटते आणि तो टेप गुंडाळून बंद करतो. काठाला बांधलेली जेट स्की मग कशी बुडाली, हे कोडं त्याला सुटत नाही. ठिबकवाल्यालाही हे माहीत आहे. वीज गेली की पाइपातलं पाणी खताच्या ड्रममध्ये परत उतरतं, म्हणून तो तिथे उलट न वाहू देणारा व्हॉल्व्ह लावतो.

हौशी लोकांनी फेरफार कुठे केले? लाटांवर उड्या मारणाऱ्यांच्या जेट स्कीत पाणी फार शिरतं, आणि इंजिन बंद असताना झोताची ओढ नसते. म्हणून कुणी एकाच्या दोन नळ्या केल्या, कुणी १२ व्होल्टचा विजेचा पंप तळाशी बसवला. पेट्रोलच्या बाजूला, चोकची पाती काढून टाकली, म्हणजे गळा मोकळा होतो आणि हवा जास्त जाते. थंड इंजिन चालू करायला मग प्रायमर : हाताने दाबायचा छोटा पंप, जो पेट्रोलची पिचकारी थेट गळ्यात मारतो. काहींनी तेलाचा आपोआप चालणारा पंप काढून तेल टाकीतच मिसळायला सुरुवात केली, जसं एके काळी आपण पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल टाकून घेत असू. यात धोका आहे तो गळा मोठा करून पेट्रोल सोडणारं बारीक भोक, म्हणजे जेट, तेच ठेवण्याचा. हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं, आणि तेल पेट्रोलातच मिसळलेलं असेल तर वंगणही घटतं. पिस्टन जळायला मग वेळ लागत नाही.

सर्वात मोठी गोष्ट ही की इथे पेट्रोल आणि साचलेलं पाणी एकाच बंद पोटात राहतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच बसते. विजेचा पंपही तळाशीच. त्याची जोडणी ठिणगी न उडणारी हवी, आणि चालू करण्याआधी झाकण उघडून आतली हवा खेळू द्यायला हवी. शिवाय उपशाबरोबर जे बाहेर जातं ते आपल्याच नदीत जातं. गळकी पेट्रोलनळी बदलणं ही यंत्राची काळजी आहे, तशी नदीचीही. टू-स्ट्रोक इंजिन बरंचसं पेट्रोल न जाळताच सोडून देतं, म्हणून कारखान्यांनीही ते मागे टाकलं. कावासाकीची उभी जेट स्की २०१७ मध्ये आणि यामाहाची सुपरजेट २०२१ मध्ये फोर-स्ट्रोक होऊन आली.

हे सगळं बऱ्हाणपुरात बसून लिहिताना कुंडी भंडारा डोळ्यांसमोर येतो. अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास इथे सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयाराने शहरात आणलं गेलं. वर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या. लिफ्टने खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात आणि पायाशी पाणी सरकत असतं, कसलाही आवाज न करता. तिथे ओढ नाही, नुसता उतार आहे. कुंड्यांतून भुयाराला हवा मिळते आणि माणसाला सफाईसाठी उतरायला वाट. २०२४ मध्ये या जागेचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेलं.

व्हेंचुरीचं आणि कुंडी भंडाऱ्याचं रक्ताचं नातं नाही. नातं आहे ते शहाणपणाचं. दोन्हीकडे घडवणाऱ्याने पाण्याला आधी विचारलं, तुझ्या अंगात काय आहे? एकाने उतार वापरला, दुसऱ्याने वेग. दोघांनीही पाण्याला हाकायला दुसरं यंत्र आणलं नाही, आणि हवेसाठी वाट ठेवायला ते विसरले नाहीत. पंप बदला, गळा मोठा करा, नळ्या वाढवा. पण हाताशी असलेलं बळ आधी ओळखा, मगच पान्हा उचला. फेरफार करणाऱ्याचं खरं कसब मला यातच दिसतं.

ते बळ ओळखायची रीत केळीच्या बागेत रोज पाहायला मिळते. शेतकरी मोटर चालू करतो, नळी ड्रमातून काढतो, तिच्या तोंडावर अंगठा ठेवतो आणि कॉक हळूहळू आवळतो. अंगठा नळीला चिकटला की नळी पुन्हा खतात सोडतो. न चिकटला तर व्हेंचुरी खोलून कमरेतला कचरा काढतो. जेट स्कीवाल्यानेही पाण्यावर जाऊन हेच करावं : तळाची जाळी काढावी, नळी पाण्याने भरलेल्या मगात बुडवावी आणि वेग द्यावा. तो मग रिकामा झाला तर उपसा ठीक आहे.