तळटीप : ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’

१. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे हे गाणे १९८४ साली याच नावाच्या अल्बममध्ये आले. लेखकाने त्याला ‘देशगौरवाचे गीत’ म्हटले आहे. अमेरिकेतही अनेकांनी ते तसेच ऐकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतल्या आशेची वाखाणणी केली होती. कडव्यांत मात्र दुसरीच कहाणी आहे. कष्टकरी वस्तीतला एक मुलगा व्हिएतनामच्या युद्धावर धाडला जातो. परतल्यावर त्याला तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मिळत नाही आणि माजी सैनिकांच्या खात्यातूनही तो रिकाम्या हाताने परततो. त्या युद्धात खे सान येथे त्याने गमावलेला ‘भाऊ’ सख्खा की पलटणीतला सोबती, हे गाणे सांगत नाही. दोन्ही अर्थ जिवंत ठेवूनच ते वाचावे.

घोटाळा होतो तो ध्रुवपदामुळे. तिथे शब्द केवळ जन्मभूमी सांगतात, आणि ढोल व सिंथेसायझरच्या गजरात त्यांचा जयघोष होतो. १९८२ साली केवळ गिटारवर ध्वनिमुद्रित केलेली, १९९८ च्या ‘ट्रॅक्स’ संचात प्रसिद्ध झालेली आवृत्ती ऐकली, की तेच शब्द विलापासारखे भासतात. तरीही ध्रुवपदातला अभिमान खोटा मानू नये. ज्या देशाने पाठ फिरवली त्याच देशावर हा माणूस हक्क सांगतो आहे, आणि गाण्याचे सारे बळ या ताणातच आहे. — संपा.