धाराशिव जिल्ह्यातील एका तपासणीचे पूर्ववृत्त

निजामी अंमल संपून अनेक दशके लोटली, तरी दुर्धर रोगाच्या इलाजासाठी धाराशिवच्या रयतेस जिल्ह्याची हद्द ओलांडून सोलापूर किंवा बार्शी गाठणे चुकले नव्हते. त्यामुळे 1987 साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली, तेव्हा परंडा आणि भूम हे या जिल्ह्याचे दोन तालुकेही तिच्या दफ्तरात दाखल झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग स्त्रियांत अग्रस्थानी आहे, आणि रुग्ण दवाखान्यात येते ती बहुधा रोग बळावल्यावरच, हे दारुण सत्य त्या दफ्तरातून उघड झाले.

पुढे 1999 मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 52 ग्रामसमूह चार गटांत विभागून, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचे अध्ययन आरंभिले. एका गटात लहानशा ब्रशाने पेशींचा नमुना घेऊन त्यात या रोगास कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू आहे काय, हे प्रयोगशाळेत पाहिले जाई. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच झालेल्या या चाचणीच्या गटात या रोगाने 34 मृत्यू, तर जवळपास तेवढ्याच स्त्रियांच्या तपासणीविना राहिलेल्या गटात 64. त्या गटास तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे वाद झाला. तो होणे अवश्यच होते, कारण त्या 64 जणी कोणाच्या तरी आया-बहिणी होत्या.

नोव्हेंबर 2013 मध्ये राजीव गांधी जीवनदायी ही राज्याची आरोग्यविमा योजना, जी पुढे महात्मा फुले यांच्या नावे चालू राहिली, या जिल्ह्यात आली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार विनामूल्य झाले, हे उपकार लहान नव्हेत. परंतु विम्याची सारी तरतूद रुग्ण खाटेवर आल्यानंतरची. 2018 च्या आयुष्मान योजनेनेही भरतीपूर्वीच्या तीनच दिवसांच्या तपासण्यांस मंजुरी दिली. जी स्त्री अद्याप आजारीच नाही, तिच्या चाचणीस विम्याच्या पॅकेजात जागा नाही. थायलंडच्या सार्वत्रिक आरोग्य योजनेने मात्र हीच एचपीव्ही चाचणी आपल्या लाभांत सामावून घेतली.

सरकारी आरोग्य केंद्रांसाठी 2016 साली केंद्राने विहित केलेली तपासणीची पद्धत म्हणजे गर्भाशयमुखास ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे. मुंबईत तिला यश आले असले, तरी धाराशिवच्या याच अध्ययनातील दुसऱ्या एका गटात तिने मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी केले नव्हते.